पडद्यावरचा डास आणि आपल्या घरातलं पिंप

कर्जत-खालापूरकडच्या बायकांना पाण्याचं कोडं चांगलं ठाऊक आहे. जून ते सप्टेंबर आभाळ फाटल्यासारखा पाऊस. उल्हास, पाताळगंगा दुथडी भरून वाहतात. आणि एप्रिल-मे आला की डोंगरावरच्या ठाकूरवाड्या-कातकरवाड्यांत हंडाभर पाण्यासाठी पायपीट! मग पाणी मिळेल तेव्हा पिंपं, हंडे, कळशा सगळं भरून ठेवायचं. अशा बाईला कुणी येऊन सांगितलं, “पाणी साठवू नका, डास होतात,” तर ती मान डोलावते आणि घरी जाऊन पिंप भरते. तिचं काय चुकलं?

चूक सांगण्याच्या पद्धतीची आहे. जे नुसतं सांगून पटत नाही, ते डोळ्यांनी पाहिलं की पटतं. ही युक्ती तशी जुनीच. १९४३ साली वॉल्ट डिस्ने यांच्या संस्थेनं ‘द विंग्ड स्कर्ज’ हा हिवतापावरचा छोटा चित्रपट काढला. त्यात हिमगौरीचे सात बुटके डासांवर स्वारी करतात, पाण्यावर तेल टाकतात, खिडक्यांना जाळ्या बसवतात. आपल्याकडे १९४८ साली फिल्म्स डिव्हिजन सुरू झालं. मुख्य चित्रपटाआधी दाखवले जाणारे त्यांचे माहितीपट पुष्कळजणींना आठवत असतील. २०११ साली अमेरिकेतल्या एका विद्यापीठात ‘सायंटिफिक ॲनिमेशन्स विदाउट बॉर्डर्स’ हा उपक्रम सुरू झाला. चित्रं साधी, आवाज मात्र ज्या-त्या मुलखाच्या बोलीतला. आता तर अशी चित्रफीत मोबाइलमधून थेट ओसरीवर येते.

पण नुसती चित्रफीत लावली म्हणजे झालं, असं नाही हं! एक गंमत नेहमी सांगतात. पडद्यावर हत्तीएवढा डास पाहून गावकरी म्हणाले, “छे, एवढे मोठे डास आमच्याकडे नसतात!” म्हणून चित्रफीत मध्येच थांबवावी, विचारावं, बोलू द्यावं. आणि संपली की सगळ्याजणींनी उठून बॅटरी घेऊन घरातलंच पिंप पाहावं. पाण्यात वळवळणारे ते ‘किडे’ म्हणजेच डासांच्या अळ्या, हे एकदा दिसलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. डेंग्यू पसरवणारा एडिस डास गटारात नव्हे, आपल्या घरातल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि चावतो दिवसा. मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेषेजवळ, भांड्याच्या आतल्या बाजूला. ती चिकटून बसतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जगतात. पाणी भरलं की अळ्या बाहेर! म्हणून पिंप नुसतं उपडं करून भागत नाही, काथ्यानं खसखसून घासावं लागतं. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा. तेव्हा “पाणी साठवू नका” असं न म्हणता “झाका आणि घासा” असं म्हणा. ते कुठल्याही घरात जमण्यासारखं आहे.

एवढं जरूर करा:

• एक वार ठरवून पिंप, माठ, फ्रीजमागचा ट्रे, कुंड्यांखालच्या बशा रिकाम्या करून घासा.
• पिंपाला घट्ट झाकण नसेल तर जुन्या सुती साडीचं दुहेरी फडकं बांधा.
• करवंट्या, फुटके डबे, जुनी टायर पावसाआधीच हलवा.
• उपसता न येणाऱ्या हौदात गप्पी मासे सोडा. ते आरोग्य केंद्रात विचारावेत.
• ताप आला तर रक्त तपासून घ्या. डेंग्यूची शंका असेल तर मनानं ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन देऊ नका. ताप उतरल्यावर पोटात जोराचं दुखू लागलं, सारख्या उलट्या झाल्या किंवा हिरड्यांतून रक्त आलं, तर वाट न पाहता दवाखाना गाठा. ताप गेला म्हणून आपण निर्धास्त होतो, आणि नेमका तोच काळ धोक्याचा असतो.

आणि हे सारं एकटीनंच करायचं नाही. डासाला तुमची आळी आणि पलीकडची वाडी वेगळी कळत नाही. वटपौर्णिमेला वडाखाली जमाल, श्रावणात मंगळागौर जागवाल, तेव्हा आशाताईंना बोलवा. खेळ सुरू होण्याआधी दहा मिनिटं चित्रफीत लावा. भांडी घासायला येणाऱ्या मावशींनाही शेजारी बसवा. त्यांची वस्ती पाण्याचं कसं निभावते, ते मात्र आधी त्यांच्याकडून ऐकून घ्या बरं का!