जहाजाची शिडी आणि वैनगंगेचा डोंगा

आढावा लेख म्हटला की संपादकांना यादी हवी असते: कोणती संस्था कधी निघाली, कोणता कायदा कधी आला. ती देतो, पण घाईने. मर्चंट नेव्हीच्या अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण आणि परीक्षा या विषयात माझे मन कुठे अडकले आहे, हे सिहोऱ्यात मला ओळखणाऱ्यांना पाठ आहे. बावनथडी-वैनगंगेच्या पट्ट्यातल्या, धानाच्या गावच्या माणसाने जहाजांवर कशाला बोलावे, असे विचारणारे अजून भेटतात. तुमसर रोडला गाडीत बसलेला पोरगा दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईत उतरतो. अंतर आड येत नाही. आड येते ती वाट, आणि ती कोणी अरुंद केली यावर माझे जुने भांडण आहे.

आधी यादी. 1927 मध्ये मुंबई बंदरात ‘डफरिन’ हे प्रशिक्षण जहाज सुरू झाले. तोवर हिंदी माणसाने भट्टीत कोळसा टाकावा, सुकाणू धरावे, पण अधिकारी व्हायची सोय देशात नव्हती. डफरिनच्या पहिल्या तुकडीतले रामदास कटारी पुढे 1958 मध्ये नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. 1972 मध्ये डफरिनच्या जागी ‘राजेंद्र’ आले आणि 1993 मध्ये ‘चाणक्य’. पहिली दोन पाण्यावर तरंगत होती. चाणक्य नवी मुंबईत करावे येथे जमिनीवर उभे आहे, तरी नावामागे ‘ट्रेनिंग शिप’ लावते. 1948 मध्ये निघालेले नॉटिकल कॉलेज पुढे लालबहादूर शास्त्रींच्या नावाचे झाले. कॅप्टन होऊ पाहणाऱ्या कित्येकांनी मुंबईत ‘हे बंदर’ भागातल्या त्या कॉलेजची पायरी कधी ना कधी झिजवली आहे. 2008 मध्ये इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटी आली आणि या सरकारी संस्था तिच्या छत्राखाली गेल्या. बाहेरच्या जगात 1978 चा, खलाशांच्या प्रशिक्षणाचा आणि प्रमाणपत्रांचा एसटीसीडब्ल्यू करार झाला, 1995 मध्ये तो मुळापासून बदलला, 2010 मध्ये मनिलात पुन्हा दुरुस्त झाला. आपल्याकडे 1958 चा मर्चंट शिपिंग कायदा 2025 पर्यंत चालला. परीक्षांच्या पायऱ्या अशा: डेकवर सेकंड मेट, फर्स्ट मेट, मास्टर. इंजिनात क्लास फोर, टू, वन. हे सगळे वाचकांना ठाऊक आहे. यादी संपली.

आता माझा विषय. जहाजावर अधिकारी व्हायच्या वाटा दोन. पहिली कॅडेटची: प्रवेश परीक्षा, फी, वर्षभराचा डिप्लोमा आणि 18 महिने जहाजावर, नाहीतर तीन वर्षांची पदवी आणि वर्षभर जहाजावर. दुसरी खालून वर येणारी. दहावी होऊन जीपी रेटिंगचा सहा महिन्यांचा कोर्स करायचा, खलाशी म्हणून चढायचे, 36 महिने समुद्रावर काढायचे आणि मग सेकंड मेटच्या परीक्षेला बसायचे. एसटीसीडब्ल्यू करारात ही दुसरी वाट स्पष्ट लिहिलेली आहे. आपल्याकडे ती कागदावर उघडी आणि व्यवहारात बंद आहे.

ही वाट म्हणजे आपली खरी परंपरा. खलाशी, सुखाणी, टंडेल, सारंग अशी ती उतरंड होती. इंजिनात आगवाला, तेलवाला. रत्नागिरी-रायगडची गावेच्या गावे या शिडीवर चढली, पण सारंगाच्या पायरीवर शिडी कापलेली होती. इंग्रजांनी कापली हे समजू शकते. स्वातंत्र्यानंतर ती जोडायला आपले कोणी धावले नाही, याचा राग मला आहे.

आमच्या जहाजावर रत्नागिरीकडचा एक सुखाणी होता, मासेमारीच्या घरातला. रात्रीच्या वॉचमध्ये आम्ही त्याचा अभ्यास घ्यायचो. पुढे तो सेकंड मेटच्या तोंडी परीक्षेला बसला. परीक्षकांच्या टेबलावर लाकडी जहाजांचे नमुने असायचे. ते मांडून परिस्थिती सांगायची आणि विचारायचे, आता काय करशील? त्याला विचारले, ‘रात्री समोर लाल दिव्याखाली पांढरा दिवा दिसतो, बाजूला आणखी एक पांढरा. काय आहे?’ त्याच्या आधीच्या हुशार कॅडेटने नियमाचा क्रमांक बरोबर सांगितला होता आणि जहाज कुठून काढायचे ते सांगताना अडखळला होता. आमचा सुखाणी म्हणाला, ‘मासेमारीची बोट आहे साहेब. जाळं दीडशे मीटरच्या पुढं गेलंय, आणि ते त्या एकट्या पांढऱ्या दिव्याच्या अंगाला आहे. मी उलट्या अंगानं, लांबून काढीन.’ परीक्षकांनी नमुने आवरायला घेतले. आंतरराष्ट्रीय नियमांतला सव्विसावा नियम हेच सांगतो. फरक एवढाच, की या माणसाने दिव्यामागचे जाळे स्वतः ओढले होते.

मुंबईच्या एका परिसंवादात एका विद्वान वक्त्यांनी मला ऐकवले होते, ‘रेटिंगला इंग्रजी येत नाही, तो अधिकारी कसा होणार?’ टाळ्याही मिळाल्या. जहाजावर लागणारे इंग्रजी म्हणजे शेक्सपिअर नव्हे. 2001 मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने ठरलेल्या वाक्यांचा संचच करून दिला: सुकाणूचे हुकूम, अँकरचे हुकूम, वायरलेसवरची देवाणघेवाण. तो एका पावसाळ्यात शिकवता येतो. मुंबईत रेटिंगसाठी संध्याकाळचे वर्ग चालवा, खगोलाचे गणित मराठीतून समजवा आणि इंग्रजीतून लिहून घ्या, हे मी इतक्या बैठकांत बोललो की माझे नाव यादीत दिसले की लोक चहाची वेळ पुढे घेत. आमचे दुसरे विरोधक म्हणतात, सिम्युलेटर आले, आता पाण्यावरच्या दिवसांना पूर्वीइतके महत्त्व नाही. सिम्युलेटर उत्तम आहे. त्यात उलटी होत नाही, एवढीच त्याची उणीव.

पाण्यावरचे दिवस किती मोलाचे, हे ज्यांना शौकीन समजतात त्या यॉटवाल्यांनी ओळखले आहे. इंग्लंडच्या रॉयल यॉटिंग असोसिएशनचे ‘यॉटमास्टर ऑफशोअर’ हे प्रमाणपत्र जगभर चालते. त्यासाठी वर्गात बसण्याची सक्ती नाही. 50 दिवस पाण्यावर हवेत, 2500 सागरी मैल हवेत, 60 मैलांहून लांबचे पाच प्रवास हवेत. त्यांतले दोन रात्र काढून आणि दोन स्वतः कप्तान म्हणून. परीक्षाही बोटीवरच. पुढे श्रीमंतांच्या मोठ्या यॉटींसाठी टनांप्रमाणे वरची प्रमाणपत्रे आहेत, त्यात मला रस नाही.

रस आहे तो दिलीप दोंदे यांच्यात. 19 ऑगस्ट 2009 ला ते मुंबईहून ‘म्हादेई’ या शिडाच्या बोटीवर एकटे निघाले आणि चार थांबे घेऊन, पृथ्वीप्रदक्षिणा करून मे 2010 मध्ये परतले. असे करणारे ते पहिले भारतीय. ही कल्पना व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांची. आवटीही डफरिनचेच, आणि निवृत्तीनंतर फलटणजवळ विंचुर्णीला राहिले, जिथून समुद्र दिसण्याचा प्रश्नच नाही. प्रदक्षिणेआधी दोंदे ब्रिटिश दर्यावर्दी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्या हाताखाली बोटीची पडेल ती कामे करून शिकले. मग गोव्यात मांडवीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बोट बांधली जात असताना तिथेच राबले. नौदलातला कमांडर उमेदवारी करायला लाजला नाही. बोट नदीवर बांधली, नदीचेच नाव दिले आणि ती केप हॉर्नला वळसा घालून आली. नदीकाठच्या माणसाने याहून वेगळा पुरावा कशाला मागावा?

आता आपल्या नदीकडे. 1917 च्या अंतर्देशीय जलवाहतूक कायद्याने नदीतल्या यांत्रिक बोटींसाठी सारंग, दुसऱ्या आणि पहिल्या वर्गाचा मास्टर, इंजिन ड्रायव्हर अशी शिडी घातली. ती शंभर वर्षे चालली, पण आपल्याकडे मुंबईच्या आसपासच. 2021 च्या नव्या कायद्याने एका राज्याचे प्रमाणपत्र सगळ्या देशात चालू केले. त्याहून मोठी गोष्ट, बिनइंजिनाच्या बोटींची नोंद तालुका आणि ग्रामपंचायत पातळीवर करण्याची सोय ठेवली. पाटण्याला 2004 पासून नदीवरच्या कर्मचाऱ्यांसाठी राष्ट्रीय संस्था आहे. वैनगंगा-प्राणहिता 2016 मध्ये राष्ट्रीय जलमार्गांच्या यादीत गेली. पण नदीत जाळे टाकणाऱ्या आमच्या ढिवराच्या डोंग्याची नोंदवही कोणी पाहिली आहे काय?

23 जानेवारी 2024 ला चामोर्शी तालुक्यात मिरची तोडायला निघालेल्या बायांचा डोंगा वैनगंगेत उलटला आणि 6 जणी बुडाल्या. त्याच वर्षी 18 डिसेंबरला मुंबईत घारापुरीच्या वाटेवर ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला नौदलाची बोट धडकली, 15 जण गेले. नीलकमलनंतर लाइफजॅकेटचे फर्मान लगेच निघाले. वैनगंगेवर लाइफजॅकेट कोण देणार, किती माणसे बसवायची हे कोण ठरवणार, याचे उत्तर कायद्यात आहे आणि घाटावर नाही.

हल्लीच्या बाजाराबद्दल थोडक्यात. नागपूरच्या गल्लीत कार्यालय थाटून ‘मर्चंट नेव्हीत पक्की नोकरी’ देणारे एजंट शेत विकायला लावतात. 2006 च्या मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शननुसार नोकरी लावण्याचे पैसे खलाशाकडून घेताच येत नाहीत. पालकहो, हे वाक्य कापून भिंतीला लावा, आणि पैसे मोजण्याआधी डीजी शिपिंगच्या यादीत त्या कंपनीचा परवाना शोधा. आमच्या ओळखीतला एक पोरगा असाच एका एजंटाकडून बनावट कागद घेऊन परत आला. तो मामा (माजी मालगुजारी) तलावात पोहत मोठा झालेला. खऱ्या कोर्समध्ये उलटा पडलेला तराफा सरळ करायला लावतात: गॅसच्या बाटलीच्या बाजूला उभे राहायचे, पट्टा धरून मागे झुकायचे, तराफा अंगावर आला की उताणे होऊन खालून सरकत बाहेर यायचे. शहरातली पोरे तिथे घाबरतात. हा घाबरला नसता. त्याच्यापर्यंत खरा कोर्स पोचला नाही, एजंट पोचला.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. गोसीखुर्दच्या जलाशयावर पर्यटनाच्या बोटी आणायच्या गोष्टी चालल्या आहेत. त्यांवर बाहेरून माणसे आणण्याआधी भंडारा जिल्ह्यातल्या ढिवरांच्या पाण्यावरच्या दिवसांची नोंद करा, ग्रामपंचायतीचा शिक्का घ्या, पवनीला परीक्षक बोलवा आणि सारंगाची परीक्षा तिथेच घ्या. त्यातला एखादा पुढे समुद्रावर गेला तर त्याचे नदीवरचे दिवस शून्य धरू नका. ज्यांना हे हसण्यासारखे वाटते त्यांनी ऑगस्टमध्ये वैनगंगा दुथडी भरलेली असताना डोंग्यात बसून पलीकडच्या तीरावर जाऊन यावे, आणि मग त्या नावाड्याची परीक्षा कोणत्या तोंडाने घ्यायची ते ठरवावे.