बंपर पाच किलोचा, भाडं शंभर किलोचं

शिरूर तालुक्यात, रांजणगावच्या एमआयडीसीत तयार झालेल्या फियाटच्या ग्रांडे पुंटो आज देशभर पसरलेल्या आहेत. २००९ साली ही गाडी बाजारात आली आणि २०१९च्या सुमारास फियाटने आपल्या नावाच्या गाड्या भारतात विकणं थांबवलं. डिझेल गाडीच्या इंजिनाचं फारसं अडत नाही, कारण तेच १.३ लिटरचं इंजिन मारुतीच्या स्विफ्टमध्येही होतं. अडतं ते पत्र्याचं आणि प्लास्टिकचं. बंपर, बॉनेट, दरवाजा त्याच गाडीचा लागतो, आणि तो सापडतो हजार किलोमीटरवर, भंगारात निघालेल्या एखाद्या गाडीला. मग तो इथे शिरूर-दौंडकडे आणायचा कसा?

बंपरचं नुसतं प्लास्टिक चार-पाच किलोचं. पण खोक्यात घातला की माप साधारण १८० बाय ६० बाय ५० सेंटिमीटर होतं. कुरिअरवाले सहसा या तिन्हींचा गुणाकार करून ५,००० ने भागतात. उत्तर येतं १०८ किलो, आणि भाडं त्याच वजनाचं लागतं. ट्रान्सपोर्टवाले हाच हिशेब घनफुटात करतात. एका घनफुटाला (सीएफटीला) किती किलो धरायचे, हे ज्याचं त्याचं ठरलेलं. ग्राहकाला ही लूट वाटते, पण ती लूट नाही. बंपरच्या पोकळीत दुसऱ्या कुणाचा माल बसत नाही, आणि गाडी वजनाने भरायच्या आधी जागेने भरते.

कारखान्यांनी यावर उपाय कधीच शोधला आहे. बंपर बनवणारे पुरवठादार शक्यतो गाडीच्या कारखान्याजवळच बसतात, म्हणजे हवा वाहून न्यायचं अंतर थोडकं राहतं. आणि लांब पाठवायचेच असतील, तर सुपात सूप ठेवावं तसे बिनरंगाचे बंपर एकात एक बसवतात. दुसऱ्या बंपरला मग जागा अगदी थोडी लागते. अमेरिकेतल्या टोलेडोची जीप रँग्लर २०२१ पासून रांजणगावात जोडली जाते. तिचे भाग समुद्रापलीकडून येताना कंटेनरमधली जागा अशीच मोजून वापरावी लागते. सुटा एक बंपर मागवणाऱ्याला यातलं काहीच मिळत नाही. म्हणून एकाच मॉडेलच्या दोघा-चौघांनी मिळून मागवणं, हाच मला खरा स्वस्त मार्ग वाटतो.

दौंड जंक्शन असल्याने रेल्वेचा विचार साहजिकच मनात येतो. पण लगेजच्या नियमात एक मीटर बाय एक मीटर बाय ७० सेंटिमीटरपेक्षा मोठा नग अवजड ठरतो आणि शुल्क दुप्पट लागतं. मोठा नग घाईत चढवता-उतरवताना कोपरा दुमडायचा धोकाही असतोच. त्यापेक्षा ट्रकने पुण्याच्या गोडाऊनपर्यंत आणि तिथून छोटा हत्ती करून नगर रोडने शिरूर किंवा सोलापूर रोडने दौंड, हे बरं. गळीत हंगामात या दोन्हींच्या मधल्या न्हावरे-चौफुला रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रीघ असते. त्या दिवसांत टेम्पोवाल्याला थोडा जास्त वेळ द्यावा.

पॅकिंगमध्ये मात्र कंजुषी नको. बॉनेट आडवं ठेवलं की त्यावर दुसरा माल चढतो आणि मधोमध पोचा येतो. ते उभंच जायला हवं, कडांना थर्माकोल आणि बाहेरून लाकडी पट्ट्यांची चौकट. बंपरला दोरीने करकचून आवळू नये; उन्हात तापलेल्या ट्रकमध्ये प्लास्टिक त्याच बाकात बसतं आणि क्लिपा जुळत नाहीत. आतून पुठ्ठ्याचा आधार द्यावा. रंग देऊन मागवू नये. वाटेत ओरखडा पडतोच, आणि जुन्या गाडीच्या उडालेल्या रंगाशी मेळ इथला पेंटरच घालू शकतो.

बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीवर, मालाची किंमत लिहून घ्यायला लोक विसरतात आणि इथेच सर्वाधिक नुकसान होतं. २००७च्या रस्ते मालवाहतूक कायद्याखाली किंमत लिहून जादा जोखमीचं भाडं आधी कबूल केलं नसेल, तर भरपाई साधारणपणे भाड्याच्या दहापटीपर्यंतच मिळते. दाव्याआधी लेखी नोटीस द्यावी लागते, तीही बुकिंगपासून १८० दिवसांच्या आत. म्हणून गोडाऊनमध्येच, हमालासमोर खोकं उघडावं, फोटो काढावेत आणि तडा दिसला तर सही करण्याआधी पोचपावतीवर तसा शेरा मारावा.