वस्तीच्या शेवटच्या नळाचे पाणी तपासा

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव महाड नगरपालिकेने त्याआधी तीन वर्षे, १९२४ सालीच केला होता. त्याच्या मागे मुंबई कायदे कौन्सिलातला रावबहादूर बोले यांचा १९२३ चा ठराव होता. म्हणजे कागदावर पाणी आपले होते, पण ओंजळीत नव्हते. सत्याग्रहानंतर सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी तळ्यात ओतून, मंत्र म्हणून ते ‘शुद्ध’ करून घेतले.

आरोग्याच्या पानावर हा इतिहास सांगण्याचे कारण आहे. ज्या पाण्यात शेण पडले त्याला शुद्ध म्हटले गेले आणि ज्याला माणसाचा हात लागला त्याला अशुद्ध. आपण ती कसोटी तेव्हाच नाकारली. पाणी शुद्ध आहे की नाही हे तपासणीने ठरते. मग आज आपल्या घरातल्या नळाला आपण ही तपासणीची कसोटी लावतो का?

तालुक्याच्या लहान गावात, नगरपंचायतीच्या हद्दीत, वस्तीत आता नळ आले आहेत. नळावर कोणी आपल्याला अडवत नाही. पण कागद आणि ओंजळ यांच्यातले अंतर अजून संपलेले नाही. कार्यालयातला कागद म्हणतो, ‘शहरास शुद्ध पाणीपुरवठा सुरू आहे.’ शुद्ध कुठे? टाकीत, की आपल्या हंड्यात?

टाकीत चांगले, नळाला वाईट

नदी, धरण किंवा विहिरीचे पाणी जलशुद्धीकरण केंद्रात येते. तुरटीने गाळ खाली बसवतात, वाळूच्या थरातून पाणी गाळतात आणि शेवटी क्लोरीन देतात. लहान गावात बहुधा टीसीएल पावडर वापरतात. हे सगळे नीट झाले तर टाकीतले पाणी पिण्याजोगे असते. बिघाड पुढे, वाटेत होतो.

आपल्या गावांत पाणी चोवीस तास नसते. कुठे दिवसातून एक तास, कुठे दोन-चार दिवसांआड. पाणी बंद झाले की पाइप रिकामा होतो आणि आत ओढ निर्माण होते. पाइपाला जिथे भेग असेल, जोड ढिला असेल, तिथून बाहेरचे पाणी आत शिरते. बाहेर गटार असेल तर गटाराचे पाणी शिरते. पुन्हा पाणी सुटले की तेच आधी घरात येते.

वस्तीत हा धोका जास्त, आणि त्यालाही इतिहास आहे. आपली घरे गावकुसाबाहेर, सखल भागात, नाल्याच्या कडेला वसवली गेली. पाइपलाइन गावात आधी आली आणि वस्तीकडे शेवटी वाढवली गेली. त्यामुळे अनेक ठिकाणी आपण लाइनच्या शेपटाला आहोत. शेपटाला दाब कमी असतो आणि पाणी कमी वेळ येते. बोळ अरुंद म्हणून घरगुती जोडणीचे पाइप गटारातूनच गेलेले असतात.

कमी दाबावर लोकांनी जे उपाय केले, त्यांनी धोका आणखी वाढतो. टिल्लू पंप लावला की तो पाइपातले पाणी ओढतो, तसे भेगेजवळचे गटाराचे पाणीही ओढतो. नळ जमिनीखाली खड्डा करून बसवला की खड्ड्यात सांडपाणी साचते आणि पाणी बंद होताच ते नळाच्या तोंडातून आत जाते. तोटी नसलेल्या नळाचेही तेच. ज्याच्या घरी पंप आहे त्याचेच नव्हे, त्या लाइनवरच्या सगळ्या घरांचे पाणी यामुळे बिघडू शकते.

यातून गॅस्ट्रो, हगवण, टायफॉइड, कॉलरा आणि कावीळ होते. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, ती ‘हेपॅटायटिस ई’ची होती. हा विषाणू मैलामिश्रित पाण्यातून पसरतो आणि गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत बाईच्या जिवावर बेतू शकतो. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता भागात जीबीएस या आजाराचे रुग्ण वाढले. त्यात हातापायांतली ताकद जाते. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत दूषित पाण्यातून व अन्नातून पोटात जाणारा कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला. मोठ्या शहराला लागून असलेल्या भागात हे घडते, तर आपल्या गावात घडणार नाही असे समजण्याचे कारण नाही.

पाच मिनिटांची चाचणी

पाण्यात टाकलेले क्लोरीन दोन कामे करते. पहिल्या अर्ध्या तासात ते पाण्यातले बहुतेक जंतू मारते. त्यानंतर जे उरते, ते पाइपातून पाण्याबरोबर राखणदारासारखे चालते. त्याला ‘शिल्लक क्लोरीन’ म्हणतात. वाटेत घाण शिरली तर हे क्लोरीन तिच्याशी लढण्यात खर्च होते. भारतीय मानकाप्रमाणे (आयएस १०५००) ग्राहकाच्या नळाला एक लिटर पाण्यात किमान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक क्लोरीन हवे. विषाणूंपासून संरक्षण हवे असेल, तेव्हा किमान ०.५ मिलिग्रॅम.

हे मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. पाणीपुरवठा कर्मचारी जी ‘ओटी टेस्ट’ करतात, ती हीच. काचेच्या नळीत पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकतात आणि लगेच रंग पाहतात. फिकट पिवळा आला तर क्लोरीन आहे. गडद पिवळा किंवा नारिंगी आला तर जास्त झाले. रंग आलाच नाही तर क्लोरीन नाही. (चाचणीचे औषध विषारी आहे. ते पाणी पिऊ नये, मुलांच्या हाती देऊ नये.)

आमचे सांगणे एवढेच की ही चाचणी टाकीखाली करून भागत नाही. टाकीखालचा पिवळा रंग टाकीचे पाणी दाखवतो, आपले नाही. चाचणी वस्तीतल्या शेवटच्या घराच्या नळावर झाली पाहिजे. एकाच दिवशी दोन्हीकडे केली तर दोष कुठे आहे तेही कळते. टाकीलाच रंग नाही, म्हणजे पावडर कमी पडली किंवा जुनी झाली. टीसीएलची पिशवी उघडी, ओलीत राहिली की तिची ताकद उडते. टाकीला रंग आहे आणि शेवटच्या नळाला नाही, म्हणजे वाटेत घाण शिरत असण्याची दाट शक्यता आहे. तिथे जास्त पावडर टाकणे हा उपाय नव्हे. गळती शोधून पाइप बदलला पाहिजे.

क्लोरीनने न जाणारे दोष

गावाच्या योजनेत बोअरवेलचे पाणी मिसळत असेल तर आणखी एक तपासणी लागते. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत अनेक ठिकाणी भूजलात फ्लोराइड जास्त आहे. त्याने मुलांच्या दातांवर डाग पडतात आणि पुढे हाडे व सांधे कडक होतात. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात क्षार जास्त आहेत. शेतीतले खत आणि शौचखड्डे यांमुळे नायट्रेट वाढते. ते वरच्या दुधावरच्या तान्ह्या बाळाला धोक्याचे आहे. एका लिटरमागे फ्लोराइडची मर्यादा १ मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५. नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम.

हे दोष क्लोरीनने जात नाहीत आणि उकळूनही जात नाहीत. उकळल्याने पाणी आटते आणि क्षारांचे प्रमाण उलट वाढते. यासाठी प्रयोगशाळेचा अहवालच लागतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या पाणी तपासणी प्रयोगशाळा जिल्हा व उपविभाग पातळीवर आहेत.

पाइप दुरुस्त होईपर्यंत घरात काय करावे

पाणी सुटल्यावर पहिली बादली पिण्यासाठी भरू नये. ती संडास, फरशी, धुणे यांना वापरावी. गढूळपणा आणि वास गेल्यावरच पिण्याचे पाणी भरावे.

पाणी गाळावे. भिक्खूंच्या अष्टपरिष्कारांत पाणी गाळण्याचे वस्त्र असते हे आपल्याला ठाऊक आहे. त्याचा आरोग्यालाही उपयोग आहे. बांगलादेशात जुन्या साडीच्या घड्यांतून पाणी गाळण्याचा मोठा प्रयोग झाला. २००३ मध्ये त्याचे निष्कर्ष आले, तेव्हा कॉलऱ्याचे प्रमाण सुमारे ४८ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. धुऊन मऊ झालेले जुने सुती लुगडे, चार घड्या करून वापरावे, दररोज धुऊन उन्हात वाळवावे. मात्र टायफॉइडचे जंतू आणि काविळीचे विषाणू यांना कापड अडवत नाही. म्हणून गाळणे ही पहिली पायरी. तुरटीचेही तसेच. ती गाळ बसवते, जंतू मारण्याची खात्री देत नाही.

दुसरी पायरी उकळण्याची किंवा क्लोरीनची. खळखळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट ठेवावे आणि त्याच भांड्यात झाकून गार करावे. सगळ्यांसाठी उकळण्याइतका गॅस परवडत नसेल तर लहान मुले, गरोदर बाई, म्हातारी माणसे आणि आजारी यांच्यासाठी तरी उकळावे. बाकीच्यांसाठी मेडिक्लोर किंवा क्लोरीनची गोळी, वेष्टनावर लिहिलेल्या प्रमाणातच टाकावी आणि अर्धा तास थांबावे. आशाताई किंवा आरोग्य केंद्राकडे मागणी करावी.

माठात हात बुडू देऊ नये, लांब दांड्याचे ओगराळे वापरावे. जारचे पाणी थंड असते म्हणून शुद्ध असते असे नाही. त्याचीही तपासणी विचारावी. सहा महिन्यांखालील बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीच देऊ नये, पाणीही नको आणि घुटीही नको.

जुलाब लागले तर

जुलाबात माणूस दगावतो तो अंगातले पाणी आणि क्षार गेल्याने. पहिल्या जुलाबापासून ओआरएस सुरू करावे. पुडी नसेल तर एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावे. हे पाणी चोवीस तासांत संपवावे, उरले तर फेकावे. मुलाचे जेवण आणि अंगावरचे दूध थांबवू नये. मुलाला झिंकची गोळी १४ दिवस द्यावी, जुलाब थांबले तरी. मात्रा आशाताई किंवा परिचारिका सांगतील.

डोळे खोल गेले, लघवी थांबली, मूल सुस्त पडले, काही पोटात राहत नाही, शौचातून रक्त येते किंवा भाताच्या पेजेसारखे पांढरे जुलाब होतात, अशा वेळी अंगारा-धुपाऱ्यात एक तासही घालवू नये, थेट दवाखाना गाठावा. एका गल्लीत दोन-तीन घरांत एकदम जुलाब किंवा कावीळ दिसली तर आरोग्य केंद्राला लगेच कळवावे. वेळेत कळले तर पाणी बंद करून साथ थांबवता येते.

अर्ज लिहा, नोंद ठेवा

पिण्याचे पाणी पुरवणे हे १९६५ च्या महाराष्ट्राच्या नगरपरिषद, नगरपंचायत कायद्याप्रमाणे नगरपंचायतीचे कर्तव्य आहे. त्यासाठी आर्जव करण्याची गरज नाही. मुख्याधिकाऱ्यांच्या नावे वस्तीच्या सह्यांचा अर्ज द्यावा आणि पोहोच घ्यावी. अर्जात चार गोष्टी मागाव्यात:

१. आमच्या वस्तीतल्या शेवटच्या नळावर गेल्या तीन महिन्यांत क्लोरीनची चाचणी कोणत्या तारखांना झाली आणि निकाल काय आला?
२. पाण्याची टाकी शेवटची कधी धुतली?
३. पाण्याच्या जिवाणू व रासायनिक तपासणीच्या शेवटच्या अहवालांच्या प्रती.
४. गटारातून जाणारे पाइप कधी बदलणार, त्याची तारीख.

उत्तर आले नाही तर पहिले तीन प्रश्न माहिती अधिकारात विचारावेत. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला पुराव्यासह माफ. उत्तराची मुदत ३० दिवस.

आपल्याकडूनही काही करायचे आहे. टिल्लू पंप काढावेत, खड्ड्यातले नळ वर घ्यावेत, तोट्या बसवाव्यात. एकट्याने पंप काढला तर त्याचेच पाणी जाते, म्हणून हा निर्णय पूर्ण गल्लीने बसून घ्यावा आणि त्याच बैठकीत दाब वाढवून मागावा.

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो. पाण्याच्या रोगांचे महिनेही तेच. या तीन महिन्यांत विहारात ग्रंथवाचनाला सगळे जमतात. तिथेच एक वही ठेवावी. दर आठवड्याला पाणी कर्मचाऱ्याला बोलावून शेवटच्या नळावर ओटी टेस्ट करून घ्यावी. तारीख, वेळ, रंग आला की नाही आणि त्या आठवड्यात किती घरांत जुलाब झाले, एवढे चार रकाने पुरेत. महिला मंडळाने आणि शिकणाऱ्या मुला-मुलींनी ही वही सांभाळावी. तीन महिन्यांची अशी नोंद घेऊन वस्ती कार्यालयात गेली, तर ‘पाणी शुद्ध आहे’ एवढे बोलून तिला परत पाठवता येणार नाही.