जुना शब्द, नवा शोध

ज्या ग्रंथास सूची नाहीं, तो किल्ली हरवलेल्या पेटीसारखा होय. १ मे २००३ रोजीं आरंभ झालेल्या मराठी विकिपीडियांत, म्हणजे संगणकाच्या जाळ्यावरील मुक्त ज्ञानकोशांत, सूचीचें काम शोधयंत्र करतें. परंतु मराठी शब्दाचा शोध सोपा नव्हे. विभक्तिप्रत्यय लागतांच ‘घोडा’चें ‘घोड्यास’ होतें. आणि १९६२ सालीं मराठी साहित्य महामंडळानें केलेल्या लेखननियमांनंतर आमचें ‘कांहीं’ ‘काही’ झालें. या कोशाचें भावंड जें विकिस्रोत, तेथें जुने ग्रंथ मूळ लेखनासह उतरविले जातात. नातवानें नव्या वळणानें शब्द लिहिला, तर आजोबांच्या काळचें पान त्यास मिळावयाचें कसें?

येथें यंत्रास माणसाचें साहाय्य हवें. जुन्या लेखनाच्या मथळ्यावरून नव्याकडे नेणारें ‘पुनर्निर्देशन’ नांव नोंदविलेल्या वाचकास करतां येतें. शंका विचारण्यास ‘चावडी’ आहे, आणि प्रत्येक लेखास चर्चापानहि. शोधून न सांपडलेला शब्द तेथें कळविणें, ही लहानशी ज्ञानसेवाच होय. घरांतील वडील माणसांनीं जुनें रूप सांगावें, मुलांनीं तें नोंदवावें. दोघांचाहि वेळ सार्थकीं लागेल.