एक्सप्लेनर: नोंदी २१४८, पण मुलं ५३७च! 'जीईई' ही गफलत कशी पकडते?

आईच्या धूम्रपानामुळे मुलांच्या छातीतली घरघर वाढते का? अमेरिकेतील ओहायो राज्यात स्टुबेनव्हिल नावाचं पोलाद कारखान्यांचं शहर आहे. हार्वर्डच्या प्रसिद्ध 'सिक्स सिटीज' अभ्यासातल्या सहा शहरांपैकी हे एक. तिथल्या ५३७ मुलांची वयाच्या सातव्या ते दहाव्या वर्षापर्यंत दरवर्षी नोंद घेतली गेली: घरघर आहे की नाही? चार वर्षांच्या मिळून २१४८ नोंदी झाल्या. यातील १८७ मुलांच्या आया धूम्रपान करणाऱ्या होत्या.

हा डेटा नेहमीच्या लॉजिस्टिक रिग्रेशनमध्ये टाकला, तर धूम्रपान करणाऱ्या मातांच्या मुलांमध्ये घरघरीचे 'ऑड्स' सुमारे १.३ पट निघतात. पी-व्हॅल्यू ०.०३ पेक्षाही कमी. म्हणजे संबंध सिद्ध, बातमीची हेडलाइन तयार!

गडबड कुठे आहे?

हे गणित २१४८ नोंदी म्हणजे २१४८ वेगवेगळी मुलं असं धरून चालतं. प्रत्यक्षात सातव्या वर्षी ज्याला घरघर होती, त्याला आठव्या वर्षीही असण्याची शक्यता जास्त. एकाच माणसाला चारदा विचारून चार मतं मिळाली म्हणण्यातला हा प्रकार. अशा डेटाला 'कोरिलेटेड' म्हणजे सहसंबंधित डेटा म्हणतात. एकाच वर्गातले विद्यार्थी, एकाच घरातली माणसं, एकाच रुग्णाचे दोन डोळे, सगळीकडे हेच.

१९८६ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील कुंग-यी लियांग आणि स्कॉट झेगर यांनी यावर 'जनरलाइज्ड एस्टिमेटिंग इक्वेशन्स', थोडक्यात 'जीईई' पद्धत मांडली. एकाच मुलाच्या नोंदी एकमेकींशी किती जुळतात याचा आधी एक कामचलाऊ अंदाज बांधायचा. स्टुबेनव्हिलच्या डेटात हा सहसंबंध साधारण ०.३५ येतो.

खरी गंमत पुढे आहे. हा अंदाज चुकला तरी सरासरीचं मॉडेल बरोबर असेल आणि मुलं पुरेशी असतील, तर उत्तर फारसं भरकटत नाही. कारण अनिश्चितता मोजायला जीईई 'सँडविच' सूत्र वापरते. दोन्ही बाजूंना मॉडेलचं गणित आणि मध्ये प्रत्येक मुलाच्या नोंदींमध्ये प्रत्यक्ष दिसलेली तफावत. आपल्याकडे शोध लागला असता तर नाव 'वडापाव' पडलं असतं!

मग उत्तर काय आलं?

ऑड्सचं प्रमाण जवळपास तेच, १.३ पट. पण स्टँडर्ड एरर ०.१२ वरून ०.१८ वर गेली आणि पी-व्हॅल्यू ०.१३ च्या आसपास पोहोचली. हिशेब हातानेही जुळतो. चार नोंदी आणि ०.३५ सहसंबंध असेल, तर १ + (३ × ०.३५) म्हणजे सुमारे २.०५. २१४८ ला याने भागलं की उरतात जेमतेम १०५० नोंदींएवढी माहिती. निम्मा डेटा केवळ पुनरुक्ती होता.

म्हणून आईचं धूम्रपान निर्धोक ठरत नाही. मुलांच्या फुप्फुसांवर सिगारेटच्या धुराचा परिणाम होतो, हे इतर अनेक अभ्यासांतून स्पष्ट झालं आहे. या एका डेटातला पुरावा मात्र वाटला तेवढा पक्का नाही, इतकंच.

सहसंबंध दरवेळी नुकसानच करतो असंही नाही. वयानुसार घरघर कमी होते का, या प्रश्नात प्रत्येक मुलाची तुलना त्याच्याच आधीच्या वर्षाशी होते. तिथे स्टँडर्ड एरर उलट ०.०५४ वरून ०.०४४ वर येते, म्हणजे उत्तर अधिक नेमकं होतं.

मर्यादाही आहेत. गट ४०-५० पेक्षा कमी असतील तर सँडविच सूत्र फाजील आत्मविश्वास दाखवतं. आजारी मुलंच अभ्यासातून गळत गेली, तर साधी जीईई फसते. शिवाय ती लोकसंख्येच्या सरासरीबद्दल बोलते. 'माझ्या मुलाचा धोका किती?' याचं उत्तर हवं असेल, तर 'मिक्स्ड मॉडेल' ही वेगळी पद्धत वापरावी लागते.

ज्यांना स्वतः पडताळून पाहायचं आहे, त्यांच्यासाठी 'आर' या मोफत सॉफ्टवेअरच्या 'जीपॅक' पॅकेजमध्ये हाच डेटा 'ओहायो' नावाने मिळतो.