बालगृहात एकदा गेलात, आता पुन्हा जा

अलीकडे आपल्या खेड्यापाड्यांत एक चांगली प्रथा रुजू लागली आहे. वडिलांची पुण्यतिथी असो, लेकराचा वाढदिवस असो की नव्या ट्रॅक्टरची पूजा असो, घरची मंडळी जवळच्या बालगृहात जातात. मुलांना गोडाधोडाचे जेवण घालतात, वह्या-पेन वाटतात, फोटो काढतात आणि दिवेलागणीच्या आत घरी परततात. आमच्या डोंगरकडा भागातून तर कुणी केळीचे घड नेतो, कुणी हळकुंडे, कुणी गूळ. देणाऱ्याच्या मनात खोट नसते. दिलेले वायाही जात नाही.

पण त्या मुलांच्या बाजूने हा दिवस कसा दिसतो? पाहुणे येतात, डोक्यावरून हात फिरवतात, 'पुन्हा येऊ हं' म्हणतात आणि जातात. पुढच्या रविवारी दुसरे येतात, तेही असेच म्हणतात. ज्या लेकराने आधीच आई किंवा बाप गमावला आहे, त्याला माणसे निघून जाण्याची नव्याने ओळख करून द्यावी लागत नाही. म्हणून एकदा जाण्यापेक्षा पुन्हा जाणे मोठे आहे, हे सांगण्यासाठी हा लेख.

भूकंपाने शिकवलेला धडा

आपल्या मराठवाड्याला या प्रश्नाची जाण फार मोठी किंमत देऊन आली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन करून गावे झोपली असताना, लातूर आणि उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांत भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ अशी गावे माती-दगडाच्या ढिगाऱ्याखाली गेली. सुमारे आठ हजार माणसे दगावली. जाड भिंतींची माळवदाची घरे, जी उन्हाळ्यात गारवा देत, तीच माणसांच्या अंगावर आली. मागे राहिली ती लेकरे.

तेव्हा अनेक हात पुढे आले. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुले शिक्षणासाठी पुण्याला नेली आणि त्यांच्या राहण्या-शिकण्याची सोय केली. समाजवादी कार्यकर्ते पन्नालाल सुराणा यांच्या पुढाकाराने नळदुर्गजवळ 'आपलं घर' उभे राहिले. परदेशात सुरू झालेल्या एसओएस बालग्राम या संस्थेनेही लातूरला बालग्राम वसवले.

या तिन्ही कामांत एक गोष्ट समान आहे. भूकंपाच्या पहिल्या महिन्यात मदतीचे ट्रक रांगेने उभे होते. कपड्यांचे तर ढीग पडले होते. पण मूल महिनाभरात वाढत नाही. पहिलीतल्या पोराला दहावीपर्यंत न्यायला दहा वर्षे लागतात. ट्रक गेल्यावर जे थांबले, त्यांनीच ही मुले वाढवली.

सातासमुद्रापलीकडची उदाहरणे

दूरच्या माणसांच्या संकटात अंगमेहनतीने मदत करायची, ही कल्पना जगात नवी नाही. पियेर सेरेसोल नावाचा एक स्विस गृहस्थ होता. पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या फ्रान्समधील व्हर्दूनजवळच्या एका खेड्यात १९२० साली तो काही सोबत्यांसह घरे बांधायला गेला. त्या सोबत्यांत कालपर्यंत शत्रू असलेल्या देशाचे लोकही होते. १९३४ साली बिहारमध्ये मोठा भूकंप झाला, तेव्हा हाच माणूस हिंदुस्थानात आला आणि खेडी उभारण्याच्या कामाला लागला. लक्षात घेण्यासारखे हे की तो एकदा येऊन गेला नाही. काम पुरे व्हावे म्हणून तो पुन्हा आला.

दुसरे उदाहरण सावधपणे सांगावे लागते. हरमन ग्मायनर हा ऑस्ट्रियातील एका शेतकरी कुटुंबातला. लहानपणीच त्याची आई वारली आणि थोरल्या बहिणीने भावंडे सांभाळली. त्यातूनच त्याला बालग्रामाची कल्पना सुचली. मोठ्या वसतिगृहात शंभर मुले कोंबण्यापेक्षा लहान लहान घरे करावीत, प्रत्येक घरात काही मुले आणि त्यांना सांभाळणारी एक 'आई' असावी, अशी ती कल्पना. १९४९ साली इम्स्ट या गावी तिची सुरुवात झाली आणि पुढे ती जगभर पसरली. कल्पना चांगलीच होती. पण २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये ऑस्ट्रियातील त्याच संस्थेने जाहीर केले की खुद्द ग्मायनर याने मुलांवर अत्याचार केल्याच्या तक्रारी होत्या. तोवर त्याच्या मृत्यूला जवळजवळ चाळीस वर्षे झाली होती.

यातून बोध असा घ्यायचा की नाव कितीही मोठे असो, जिथे लहान मुले राहतात तिथे बाहेरच्या डोळ्यांची नजर हवीच. वर्षातून एकदा पंगत वाढून जाणाऱ्याला काही कळत नाही. तीच चार माणसे नियमाने येत असली, तर एखादे पोर गप्प गप्प का झाले, कुणाच्या अंगावर वळ का दिसतात, हे त्यांच्या ध्यानात येते.

नेपाळ आणि कंबोडिया या देशांत तर वेगळाच धंदा सुरू झाला. परदेशी प्रवाशांना अनाथ मुलांची सेवा करण्याची हौस, म्हणून आईबाप असलेली गरिबांची मुले 'शिकवतो' असे सांगून आणायची आणि अनाथ म्हणून दाखवायची. दया दाखवायला येणाऱ्यांच्या पैशाने अनाथाश्रम वाढले! जगातल्या बालगृहांतील बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात, हे फार थोड्यांना ठाऊक असते. दान देताना म्हणूनच डोळे उघडे ठेवावेत.

परसबागेची गोष्ट

भूकंपानंतरच्या उन्हाळ्यात आम्ही कृषी महाविद्यालयाची काही मुले एका बालगृहात महिनाभर राहिलो. त्याचे नाव येथे देत नाही, कारण तेथील मुले ओळखू येतील असे काही लिहू नये. आमच्याकडे पैसा नव्हता. जे शिकत होतो तेच देण्याजोगे होते. न्हाणीघराचे सांडपाणी नुसते वाहून चिखल होत होता. त्याला चर खणून उतार दिला, कडेने केळी आणि अळू लावले. पुढच्या अंगाला वाफे करून मेथी, चुका, शेपू, अंबाडी पेरली. कुंपणाला दोडका चढवला, कोपऱ्यात शेवगा आणि कढीपत्ता लावला.

निघताना तेथील अधीक्षक बाईंनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितले की येणे जमणार असेल तरच 'येतो' म्हणा. नाहीतर 'जातो' म्हणा, मुलांना तेही कळते. त्यांच्याकडे एक मुलगा होता. कुणा पाहुण्याने त्याला 'पुढच्या महिन्यात येतो' असे सांगितले होते. तो कितीतरी महिने दर रविवारी फाटकाशी जाऊन बसे. मग बसेनासा झाला आणि पाहुण्यांशी बोलेनासाही झाला.

तेव्हापासून दरवर्षी मृगाचा पाऊस पडला की दोन दिवस बियाणे घेऊन तिथे जायचे, असा नेम मी ठेवला. पुढे नोकरी लागली, बदल्या झाल्या. पेरणीच्या हंगामात कृषी खात्याच्या माणसाला उसंत नसते, तरी हे दोन दिवस काढता आले. आधी मुले 'दादा' म्हणत, मग 'काका' म्हणू लागली. तोंडावळे बदलत गेले. शेवगा दोनदा वाऱ्याने मोडला आणि दोनदा फुटला.

काही वर्षांपूर्वी तिथे माजी विद्यार्थ्यांचा मेळावा झाला. कुणी शिक्षक, कुणी वाहनचालक, कुणी परिचारिका. काही जण पुनर्वसित गावांत स्वतःची शेती कसणारे. आपापली लेकरे घेऊन आले होते. लहानपणीचे काय आठवते, असा विषय निघाला. नवे कपडे कुणी दिले हे एकालाही सांगता आले नाही. स्वयंपाकाच्या मावशी, रात्री ताप आला तेव्हा उशाशी बसलेल्या बाई, दर शनिवारी सायकलचे पंक्चर काढायला शिकवणारे गावातले मिस्त्री मात्र सर्वांना आठवत होते. आणि पाऊस पडला की 'आता बियाणेवाले येणार' असे मुले म्हणत, हेही मला तिथेच कळले. लेकराच्या दृष्टीने माणूस परत येतो, यातच सगळे आले.

जाताना हे पाळावे

१. संस्थेची नोंदणी पाहावी. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम २०१५ प्रमाणे प्रत्येक बालगृहाची नोंदणी झालेली असली पाहिजे. प्रमाणपत्र मागण्यात संकोच नको. चांगली संस्था ते आनंदाने दाखवते.

२. अधीक्षकांची परवानगी घेऊन, ठरल्या वेळी जावे. मुलांना एकट्याने बाहेर फिरायला नेण्याचा आग्रह धरू नये.

३. मुलांचे फोटो काढून मोबाइलवर पाठवू नयेत. त्यांची ओळख उघड करण्यास कायद्याने बंदी आहे. शिवाय आपल्या दुःखाचा फोटो गावभर फिरलेला आपल्याला तरी चालेल का?

४. 'तुझे आईवडील कसे गेले?' असे विचारू नये. मूल आपणहून सांगेल तेव्हा ऐकावे.

५. काय हवे ते आधी विचारावे. सणाला मिठाईचे डबे दहा येतात आणि आषाढात तुरीची डाळ नसते. एका घराने वर्षाची हळद, दुसऱ्याने तिखट, तिसऱ्याने ज्वारी, असे गावाने वाटून घेतले तर कुणालाच जड जात नाही.

६. हातचे कौशल्य द्यावे. कलम बांधणे, शिवणकाम, मोटार दुरुस्ती, ढोलकी, काहीही चालेल.

७. पाळता येईल एवढाच शब्द द्यावा. वर्षातून एक दिवस जमत असेल तर एकच, पण तो चुकवू नये.

सर्वांत चांगले बालगृह कोणते?

आपले स्वतःचे घर! आई गेली किंवा बाप गेला म्हणून लेकराला लगेच संस्थेत घालण्याची गरज नसते. आजी, मामा, काकू सांभाळायला तयार असतात, अडते ते पैशाशी. अशा मुलांसाठी महाराष्ट्र शासनाची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. तिच्यातून पात्र मुलाला दरमहा २२५० रुपये मिळतात. अर्जाची चौकशी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करावी. गावातील अंगणवाडी ताईही वाट दाखवतील. मूल संकटात दिसले, तर १०९८ या क्रमांकावर फोन करावा. तो फुकट लागतो.

आपल्या गावात कर्जापायी बाप गेलेले एखादे घर असते. त्या घरातल्या पोराकडेही हाच नेम लावा. तेराव्याला सगळे गाव जेवून गेले, आता शाळा उघडण्याच्या दिवशी एक जण तरी त्याच्या दारात उभा राहू द्या. शेतकऱ्याला हे वेगळे शिकवायला नको. रोप लावून कुणी शेताकडे पाठ फिरवत नाही, दुसऱ्या दिवशी पाणी द्यायला जातोच.