जिभेचा विटाळ

सोलापूर-हैदराबाद रस्त्याने नळदुर्ग मागे टाकले की थोड्या वेळाने आमचे जळकोट येते. निवृत्तीनंतर इथल्या एका चहाच्या दुकानात माझी रोजची बैठक. सोबतीला माझा बालमित्र. चहा घ्यायचा, मी पेपर मोठ्याने वाचायचा आणि त्याने ऐकायचा, हा आमचा नेम. चौथीपर्यंत आम्ही एका तरटावर बसलो. १९७२ च्या दुष्काळात तो खडी फोडायला गेला, तो शाळेत परत आलाच नाही. मी शिकलो, मास्तर झालो. आमचे घर ख्रिस्ती, त्याचे वारकरी. पण त्यावरून आमच्यात कधी शब्दाला शब्द लागला नव्हता.

२०१९ च्या सप्टेंबरात बातमी आली, की ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो! संमेलन तेव्हाच्या उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, आमच्याच जिल्ह्यात. वसईच्या नंदाखाल गावचे हे धर्मगुरू. 'सुवार्ता' मासिक त्यांनी वर्षानुवर्षे चालवले, बायबल सोप्या मराठीत आणले. त्या 'सुबोध बायबल'ला साहित्य अकादमीचा २०१३ चा अनुवाद पुरस्कार मिळाला. संमेलनाच्या अध्यक्षपदी ख्रिस्ती धर्मगुरू प्रथमच बसणार होता. माझी छाती फुगली, खोटे कशाला सांगू? मात्र लागलीच वाद उठला. उद्घाटक ना. धों. महानोर यांनाही 'जाऊ नका' असे सांगण्यात आले.

हेच वाचत असताना एका सकाळी मित्र म्हणाला, "आता पाद्री शिकवणार व्हय आपल्याला मराठी?"

चेष्टेत म्हणाला असेल, नसेलही. मी पेपर खाली ठेवला आणि चारचौघांत म्हणालो, "अंगठेबहाद्दरांनी मराठीची काळजी करू नये."

दुकान हसले. तो हसला नाही. अर्धा चहा तसाच ठेवून उठला, आणि दुसऱ्या दिवसापासून यायचा थांबला.

मी धर्माचा मान राखला, असे स्वतःला पटवण्यात माझे बरेच दिवस गेले. आम्हा मास्तरांना स्वतःला पटवणे फार लवकर जमते. बायकोला हकिकत सांगितली, तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "फादरांनी ऐकलं असतं, तर शाबासकी दिली असती का हो तुम्हाला?"

१० जानेवारी २०२० ला एस. टी.ने तुळजापूरमार्गे मी संमेलनाला गेलो. तेरच्या गोरोबाकाकांचे नाव दिलेली साहित्यनगरी माणसांनी फुलली होती. महानोर आले होते. फादर पाठीच्या दुखण्यामुळे चाकांच्या खुर्चीतून आले. आता ते विरोधकांचा खरपूस समाचार घेतील, अशी माझी अपेक्षा. खरे म्हणजे त्यासाठीच मी तिकीट काढले होते. तसे काही झाले नाही. ते मुळमुळीत बोलले असे मात्र कुणी समजू नये. वसईची हिरवाई वाचवायला हरित वसई संरक्षण समितीच्या चळवळीत उभा राहिलेला तो माणूस! देशातल्या असहिष्णुतेविषयी ते रोखठोक बोलले. पण त्यांचा घाव प्रश्नावर पडत होता, माणसावर नाही.

परतीच्या गाडीत मला आजोबा आठवले. त्यांना गावच्या पाणवठ्याला कुणी शिवू दिले नव्हते. विटाळ या शब्दाने पोळलेला तो माणूस. म्हणून तोंडात जाते त्याने नव्हे, तोंडातून निघते त्याने माणूस विटाळतो, हे ख्रिस्ताचे सांगणे त्यांना प्राणाहून प्रिय होते. मुळाक्षरांच्या आधी त्यांनी मला ते शिकवले. त्यांच्या नातवाने आता चार इयत्तांचे सोवळे नेसून आपल्या मित्राला पंगतीतून उठवले होते.

भाऊ रुसला असेल तर अर्पण वेदीपाशी तसेच ठेवून आधी त्याच्याकडे जा, असेही ख्रिस्ताने सांगितले आहे. रविवारी उपासनेला न जाता मी मित्राच्या दारात उभा राहिलो. "चुकलो," म्हणालो.

त्याने 'ये' म्हटले नाही. "चारचौघांत बोललास ना? मग चारचौघांतच सांग."

सोमवारी दुकानात, तीच माणसे समोर असताना, मी सांगितले. उभे राहून सांगितले. पंचवीस-तीस वर्षे वर्गापुढे बोललेल्या माझ्या पायांना त्या दिवशी कंप सुटला होता. त्याने ऐकून घेतले आणि दोन चहा सांगितले.

तेव्हापासून तो पुन्हा येऊ लागला. पण मी पेपर उघडला की म्हणे, "राहू दे. मोबाइलवर ऐकलंय सगळं." मी गुपचूप मनातल्या मनात वाची. चार वर्षे हे असेच चालले.

२५ जुलै २०२४ ला फादर दिब्रिटो वसईत वारले. दुसऱ्या दिवशी मी दुकानात पोचलो, तेव्हा तो आधीच येऊन बसला होता. समोर फोटो वर येईल अशी घडी घातलेला पेपर. त्याने स्वतः विकत घेतलेला.

"हेच ना तुमचे ते फादर?" त्याने विचारले, आणि पेपर माझ्याकडे सरकवला. "वाच. सावकाश वाच."